दीडशे वह्या, एकच पान

प्रश्न : मॅडम, मी सरकारी मेडिकल कॉलेजात अ‍ॅनाटॉमी शिकवतो. २०१९च्या तुकडीपासून एमबीबीएसला ‘अ‍ॅटकॉम’ (वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद शिकवणारा अभ्यासक्रम) आलं, त्यातला ‘मृतदेह : आपला पहिला शिक्षक’ हा भाग माझ्याकडे आहे. शेवटी मुलांनी लॉगबुकात रिफ्लेक्शन, म्हणजे आलेल्या अनुभवावरचं स्वतःचं चिंतन, लिहायचं असतं. यंदा दीडशे वह्या तपासल्या. जवळपास सगळ्यांत ‘कृतज्ञता वाटली, मी मृतदेहाचा आदर राखीन’ एवढंच. एकाने मात्र लिहिलंय, ‘मला काहीच वाटलं नाही.’ असल्या लिखाणातून नीतिमत्ता शिकवता येते का? आणि या मुलाचं काय करू?
— एक सहाय्यक प्राध्यापक, विदर्भ

उत्तर : मुलांनी एकमेकांचं उतरवलं असेल, पण तुम्ही मागितलं तेच त्यांनी दिलं. आधी शपथ, मग फुलं, मग एचओडींचं भाषण, आणि त्यावर ‘काय वाटलं ते लिहा’. सत्यनारायणाचा प्रसाद हातावर ठेवून ‘कसा झालाय?’ विचारल्यासारखं. साखर कमी पडली असं कोण म्हणेल?

गंमत बघा, डिसेक्शन हॉलमध्ये, जिथे मृतदेह चिरून शिकतात तिथे, ‘रिफ्लेक्ट’ म्हणजे कातडी सोडवून उलटून ठेवायची, खालचं दिसावं म्हणून. तर आधी माझी उलटते.

१९८७ साल, मी डेमॉन्स्ट्रेटर, म्हणजे टेबलाशी उभं राहून शिकवणारी कनिष्ठ शिक्षिका. तीन नंबरच्या टेबलावर एक बाई, साठीच्या आतबाहेरची. देहदान नव्हे, बेवारस, १९४९च्या अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्टखाली आलेली. फॉर्मॅलिनने कातडी काळवंडली होती, तरी मनगटाच्या वर गोंदण दिसत होतं : तुळशीवृंदावन, आणि खाली एक नाव. एका मुलीने स्काल्पेल थांबवून विचारलं, “मॅडम, हे नाव हिचंच असेल, की नवऱ्याचं?” माझं लक्ष घड्याळाकडे. म्हटलं, “व्हायव्हाला, तोंडी परीक्षेला, गोंदण विचारत नाहीत. सेफॅलिक व्हेन दाखव, हातातली ती शीर.” टेबलाभोवती हशा पिकला, मीही हसले. तिने कातडी उलटली.

ते नाव मला आज सांगता येत नाही. मी वाचलंच नसावं.

देहदानाचा अर्ज भरणाऱ्याने आपल्याला होकार दिलेला असतो. या बाईला कुणी विचारलंच नव्हतं. न्यायला कोणी आलं नाही, म्हणून ती आमच्याकडे आली. कागदोपत्री सगळं चोख. मग ‘यांनी आपला देह दिला’ असं आपण मुलांकडून म्हणवून घेतो, ते तिच्याबाबतीत कशाच्या जोरावर? दिला, की आपण घेतला? हा प्रश्न मुलांपुढे टाका आणि गप्प बसा. माझ्या अनुभवाने पहिली पाच मिनिटं कोणी बोलत नाही. तुम्हालाही बोलावंसं वाटेल, बोलू नका.

लिखाणासाठी ‘काय वाटलं’ बंद करा. हातांबद्दल विचारा. आज स्काल्पेल कुठे थांबलं? देहाला टोपणनाव ठेवलंय का, आणि तुम्ही ते वापरता का? मोबाइल खिशातून बाहेर आला का? पाच ओळी पुरेत, मराठीत, वऱ्हाडीत लिहिलं तरी चालेल. इंग्रजीत लिहायचं म्हटलं की मुलं पाठ केलेलीच वाक्यं काढतात. मजकुराला गुण मात्र देऊ नका. गुण आले की कृतज्ञता उतू जाते. आणि फोटो काढल्याची कबुली आली तर तुम्ही काय करणार, हे लिहायला बसवण्याआधी सांगा. विश्वासाने लिहून घ्यायचं आणि मग वही डीनकडे न्यायची, असं केलंत तर पुढच्या तुकडीला तुमच्याबद्दल सीनिअर्स काय सांगतील ते ओळखा.

नुसत्या वहीने नीतिमत्ता येते, असं मला वाटत नाही. वही चार वाजता लिहिली जाते. दोन वाजता तुम्ही डेमो संपवून चेहऱ्यावर ओलं फडकं परत ओढलंत की तसंच सोडून चहाला गेलात, ते मुलांनी बघितलेलं असतं.

आता तो मुलगा. त्याला केबिनमध्ये बोलावू नका, समुपदेशकाकडेही घाईने धाडू नका. झोप, जेवण ठीक आहे ना, एवढं येताजाता बघा. पहिल्या महिन्यात काही न वाटणं हे पुष्कळदा तग धरण्यासाठीच असतं. मलाही तेव्हा काही वाटलं नव्हतं, मी कृतज्ञता लिहिली असती. त्याच्या पानावर सही करा, तारीख घाला, खाली अर्धं पान कोरं ठेवायला सांगा. थोरॅक्स, म्हणजे छातीचा भाग, संपला की तिथेच पुन्हा लिहू दे. तेव्हाही ‘काही नाही’ आलं, तर पुन्हा सही करा.