देशासाठी लढलेल्या माणसाला ‘नाही’ कसं म्हणू?

माजी सैनिकांच्या रुग्णालयांत काम करणारे डॉक्टर आणि नर्सेस माझ्याकडे येतात, तेव्हा घोर बहुतेक एकच असतो. पेशंट म्हणतो, पेन्शनच्या फॉर्मवर दुखणं जरा वाढवून लिहा. लिहावं तर खोटेपणा, न लिहावं तर कृतघ्नपणा. त्यातल्याच एका डॉक्टर बाईंची ही गोष्ट. ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

सुरुवातीच्या भेटी रागातच गेल्या. व्यवस्थेवर, पेशंटवर, स्वतःवर. समुपदेशनात मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलिस यांच्या वाटेने जाणारी. अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेलं मला आजही पटतं: प्रसंगापेक्षा त्यामागचा आपला हट्टी समज जास्त छळतो.

“ज्याने पाय गमावला त्याला मी नाही म्हणूच शकत नाही.”

“त्याने घातक गोळी मागितली तर?”

“तेव्हा म्हणेन. ते वेगळं.”

“वेगळं कसं?”

उत्तर आलं नाही. मीही रेटलं नाही. पुढे एकदा विचारलं, “तो नेमकं काय लिहा म्हणतो?”

“रोज रात्री ओरडत उठतो, असं.”

“उठतो?”

“आठवड्यातून दोनदा. त्याची बायको जाता जाता दारात सांगून गेली, आता ती दुसऱ्या खोलीत झोपते.”

“मग ते दोनदा फाइलमध्ये आहे?”

बाई गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, “फाइलमध्ये ‘झोप बरी’ आहे. मी विचारायचे, तो ‘ठीक आहे’ म्हणायचा, मी लिहायचे. प्रत्येक वेळी.”

गाठ सुटली ती इथे. दुखणं बोलून दाखवणं म्हणजे कमीपणा, ही सवय फौजेत अनेकांना लागते आणि निवृत्तीनंतरही सुटत नाही. फॉर्म समोर आला की मात्र माणूस धास्तावतो, कारण कागदावर त्याचं दुखणंच नसतं. वाढवून सांगणं ही बरेचदा आधी दडवलेल्याची भरपाई असते. हे मला पुस्तकांनी नाही, इतक्या जणांचं ऐकून शिकवलं. आघातानंतरच्या या मानसिक विकाराला (पीटीएसडी) अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत 1980 साली जागा मिळाली, पण रक्त तपासून तो आजही कळत नाही. पेशंटचं सांगणं आणि तुमची नोंद, मुख्य आधार एवढाच.

म्हणून ‘ठीक आहे’वर थांबू नका. किती वेळा, कशाने, मग पुन्हा झोप लागते का, हे पहिल्याच भेटीत विचारा आणि त्याच्याच शब्दांत लिहा. त्याची हरकत नसेल तर घरच्यांशी बोला. फाइल कोण कोण वाचतं आणि जिवाला धोका दिसला तर तुम्हाला गप्प बसता येणार नाही, हे आधीच सांगून ठेवा. नंतर कळलं तर त्याला दगा वाटतो. पेन्शन ठरवणारी तपासणी शक्यतो दुसऱ्या डॉक्टरकडे द्या. उपचार करणारा पेशंटच्या बाजूचा असतो, मोजणाऱ्याने कुणाच्याच बाजूचं असून चालत नाही. छोट्या रुग्णालयात हे जमत नाही, मान्य. तिथे निदान आज आपण कशासाठी बसलोय ते त्याला स्पष्ट सांगा. पेशंट सैनिक आहे म्हणून डॉक्टरांच्या नीतीचे नियम बदलत नाहीत. युद्धकाळातही ते शांततेतलेच असतात, असं जागतिक वैद्यकीय संघटना 1956 पासून सांगते आहे.

बाईंनी त्याला सांगितलं, “रोज असं लिहिणार नाही. पण दोनदा होतं ते सगळं लिहिते, बसा.” तो चिडून निघून गेला. पुढच्या वेळी बायकोला घेऊन आला. पेन्शन त्याला हवी होती तेवढी मिळाली नाही. उपचार मात्र सुरू आहेत, आणि बाईंनी राजीनामा दिलेला नाही.