टबाशेजारी फोन ठेवू का?

प्रश्न : माझ्या सासूबाई 74 वर्षांच्या आहेत. गुडघ्यांना आराम पडावा म्हणून त्या रोज कोमट पाण्याच्या टबात बसतात. मागच्या महिन्यात त्यांना टबातून उठताच येईना. त्या हाका मारत होत्या आणि मी दुसऱ्या टोकाच्या खोलीत होते. वीस मिनिटांनी ऐकू आलं तेव्हा पाणी गार पडलं होतं. तेव्हापासून त्या म्हणतात, हात पुरेल असा फोन आत हवा. बाहेरच्या लँडलाइनची वायर आत घेता येईल. यजमान म्हणतात, टेलिफोनच्या वायरीत कसला आलाय करंट! दीर म्हणतात, पाण्याजवळ फोन नकोच. मुलाचं म्हणणं, आजीला मोबाइल द्या आणि तो टबाजवळ चार्जिंगला लावून ठेवा. सासूबाईंना हृदयविकारही आहे. कोणाचं ऐकू?

उत्तर : ताई, टेलिफोनच्या वायरीत करंट असतो. माझी एकतीस वर्षं याच वायरी जोडण्यात गेली. एकदा पावसात खांबावर चढून मी एक जोडी सोलत होतो. दोन्ही हात ओले, डावा हात लोखंडी खांबाला टेकलेला. नेमका त्याच नंबरवर कोणाचा तरी फोन आला. कोपरापर्यंत असा झटका बसला की पक्कड हातातून सुटून खाली गेली. कमरेला पट्टा होता म्हणून मी वर राहिलो. तुमच्या यजमानांना हा अनुभव नक्की सांगा.

त्या दिवशी काय झालं ते समजून घ्या, म्हणजे न्हाणीघराचंही कळेल. फोन नुसता ठेवलेला असतो तेव्हा एक्सचेंजमधल्या बॅटऱ्यांचा साधारण 48 व्होल्टचा डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा, दाब लाइनवर असतो. रिसीव्हर उचलला की तो बराच उतरतो, फोनपाशी बहुधा 10 व्होल्टच्या आतबाहेर राहतो. म्हणजे बोलताना लाइन सगळ्यात सौम्य असते. घंटा वाजवायला मात्र एक्सचेंज लाइनवर 75 ते 90 व्होल्टचा एसी, म्हणजे उलटसुलट दिशा बदलणारा करंट, सोडतं. मला बसला तो हा. शिवाय त्या बॅटऱ्यांचं धन टोक जमिनीला जोडलेलं असतं, जमिनीतल्या तांब्याच्या वायरी गंजून खाल्ल्या जाऊ नयेत म्हणून. त्यामुळे दोन्ही वायरींना हात लागायलाच हवा असं नाही. एका उघड्या वायरीला हात आणि शरीराचा दुसरा भाग नळाला, धातूच्या टबाला किंवा ओल्या जमिनीला लागला, तरी वाट पूर्ण होते.

कोरड्या कातडीचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, हजारो ओहम असतो, कधी लाखापर्यंतही जातो. पाण्यात बसलेल्या माणसाचा तो 1000 ओहमच्या आसपास येतो, कधी त्याहूनही खाली. एसी करंट 10 मिलिअँपिअरच्या (मिलिअँपिअर म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग) पुढे गेला की पकडलेली वस्तू सोडणं अवघड होऊ लागतं. 30-40 च्या पुढे, आणि तो काही क्षण टिकला, तर हृदयाचा ठोका बिघडण्याचा धोका सुरू होतो. टेलिफोनची लाइन लांब असते आणि एक्सचेंजमध्येही रोध लावलेला असतो, म्हणून करंटला लगाम राहतो. घंटाही थांबून थांबून वाजते. फोन टबात पडलाच तर बहुतेक करंट पाण्यातून त्याच्याच दोन टोकांमध्ये फिरतो, आणि रिसीव्हर उचलला असं समजून एक्सचेंज घंटा बंद करतं. त्यामुळे धडधाकट माणसाचा लँडलाइनने टबात जीव जाणं फार दुर्मीळ. पण हृदयविकार असलेल्या आजींच्या बाबतीत ‘दुर्मीळ’ या शब्दावर मी विसंबणार नाही.

विजांच्या दिवसात तर अजिबात नाही. खांबांवरून येणाऱ्या लाइनवर किंवा तिच्या आसपास वीज पडली की हजारो व्होल्टचा लोंढा घरापर्यंत येऊ शकतो. लाइन घरात शिरते तिथे बसवलेला संरक्षक त्यातला मोठा भाग जमिनीत उतरवतो, सगळा उतरवेलच असं नाही. पाण्यात बसून कानाला रिसीव्हर लावलेला माणूस त्या लोंढ्याला जमिनीकडे जायची सोपी वाट असतो. टेलिफोनबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत ‘टबाजवळ आणि वादळात वापरू नका’ असं छापलेलं असतं ते याच कारणाने.

आता नातवाचा बेत. त्याच्या मनात आजीची काळजी आहे हे मला दिसतंय, तरी सांगतो : तुम्ही विचारलेल्यातला हाच सगळ्यात धोक्याचा. लँडलाइनपेक्षा कितीतरी पटीने. चार्जरच्या केबलमध्ये 5 व्होल्टच असतात असं मुलं म्हणतात, आणि चांगल्या चार्जरपुरतं ते बहुतेक वेळा खरंही असतं. पण त्या डबीच्या एका बाजूला भिंतीतले 230 व्होल्ट असतात आणि दुसऱ्या बाजूला तुमचा हात. मध्ये असतं ते थोडंसं अंतर आणि इन्सुलेशन. एकदा दुरुस्तीला आलेला एक स्वस्त चार्जर मी उघडला होता. दोन बाजूंचे तांब्याचे पट्टे एकमेकांपासून नखाच्या जाडीएवढे लांब आणि मधल्या जागेत ओलीने आलेला हिरवट गंज. तो पूल पूर्ण झाला की 230 व्होल्ट थेट केबलमध्ये येतात. 230 व्होल्टला ओल्या अंगाच्या 1000 ओहमने भागा : 0.23 अँपिअर, म्हणजे 230 मिलिअँपिअर. त्यात केबल आखूड पडते म्हणून एक्स्टेंशन बोर्ड टबाच्या कडेवर येतो, ओढाताणीत तो पाण्यात जातो. चार्जिंगचा मोबाइल घेऊन टबात बसलेली माणसं, त्यात कोवळी मुलंही, गेल्याच्या बातम्या अनेक देशांतून आल्या आहेत. त्या वाचताना माझ्या पोटात खड्डा पडतो, कारण यातला प्रत्येक मृत्यू टळण्यासारखा होता.

‘बोर्डात एमसीबी आहे, तो पडेल’ असंही ऐकू येतं. एमसीबी म्हणजे वायरीत जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच. 16 अँपिअरचा एमसीबी म्हणजे 16,000 मिलिअँपिअर. माणूस जाईल आणि त्याला पत्ताही लागणार नाही. माणसाला वाचवण्यासाठी आरसीसीबी असतो, 30 मिलिअँपिअरचा; करंट जमिनीकडे गळू लागला की पडणारा स्विच. तो न्हाणीघराच्या लाइनवर हवाच, आणि त्याचं ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबून तो पडतो का ते बघा. पण त्याच्या जिवावर टबात प्लग नेऊ नका. टब आणि पाइप दोन्ही प्लास्टिकचे असतील तर पाण्यात पडलेल्या बोर्डाचा करंट फेजमधून न्यूट्रलमध्येच फिरू शकतो. जमिनीकडे काही गळत नाही, आरसीसीबीला काही कळत नाही, आणि मध्ये बसलेल्या माणसाच्या अंगातून करंट जात राहतो.

मग आजींनी हाक कशी मारायची? त्यांची मागणी अगदी रास्त आहे. दिरांसारखं ‘फोन नकोच’ म्हणून विषय संपवू नका, वीस मिनिटं गार पाण्यात अडकणं हाही जिवाचाच धोका आहे. माझा सल्ला : बॅटरीवर चालणारी बिनतारी बेल घ्या. तिचं पाणी न शिरणारं बटण टबाच्या कडेला, बसल्या जागी हात पुरेल इतक्या उंचीवर चिकटवा आणि बेल तुम्ही असता त्या खोलीत ठेवा. मात्र ती प्लगमध्ये खोचायची असेल तर न्हाणीघराबाहेरच. फोनच हवा असेल तर पूर्ण चार्ज केलेला मोबाइल, वायरीशिवाय. कॉर्डलेसचा हँडसेटही चालेल, बेस आणि त्याचा अॅडॉप्टर बाहेरच्या खोलीत. फोन आला तरी घ्यायला उठायचं नाही, हे आजींना प्रेमाने सांगून ठेवा. ओल्या पायांनी घाईत उठताना पडणं या वयात शॉकपेक्षा जास्त वेळा घडतं. टबाशेजारी आणि टेकून उठण्याच्या बाजूला एक भक्कम दांडी बसवून घ्या, म्हणजे बेल वाजवायची वेळ कमी येईल.

प्रश्न : टबात मोबाइल पडला तर हात घालून काढावा का?

उत्तर : चार्जरला जोडलेला नसेल तर खुशाल काढा. त्यातली बॅटरी 3.7 व्होल्टच्या आसपासची, तिचा शॉक बसत नाही. नंतर तो पूर्ण सुकल्याशिवाय चार्जिंगला लावू नका. केबल जोडलेली असेल तर पाण्याला बोटही लावू नका, केबलही ओढू नका. आत कोणी बसलेलं असेल तरी त्या माणसाला आधी हात लावायचा नाही. पळत जाऊन मेन स्विच बंद करा, मग त्याला बाहेर काढा. श्वास चालत नसेल तर कोणाला तरी रुग्णवाहिका बोलवायला सांगा आणि तोवर दोन्ही तळव्यांनी छातीच्या मधोमध जोरात, मिनिटाला 100 ते 120 च्या वेगाने दाबत राहा. मेन स्विच कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला, नातवालाही, आज संध्याकाळीच दाखवा.