कुत्रा पाय आणि पोट चाटून चाटून लाल करतो, खाज थांबत नाही. चाटणं कसं बंद करावं?

तुम्ही लिहिलंय की कुत्रा दोन वर्षांचा आहे, पावसाळा लागल्यापासून पुढचे पंजे आणि पोट चाटतो, रात्री त्या आवाजाने तुमची झोप मोडते, आणि हळद-खोबरेल लावलं तर तेही दोन मिनिटांत चाटून साफ. मग त्या हळद-खोबरेलापासूनच सुरुवात करतो. कुत्र्याच्या अंगाला जे लावाल ते त्याच्या पोटात जाणार, हे धरूनच चालायचं. हळद-खोबरेल गेलं तर फार तर पोट बिघडेल. मी जे लावलं होतं ते सांगायची आजही लाज वाटते.

आम्ही अमळनेर तालुक्यातले. धाब्याचं घर, पुढे ओटा, अंगणात निंब. आमचा टायगर, नाव वाघाचं, जात गावठी. तीन वर्षांपूर्वी श्रावणात तो शेपटीच्या बुडाशी आणि मागच्या मांड्यांना कुरतडायला लागला. चाटणं नव्हे, आपण मक्याचं कणीस पुढच्या दातांनी खातो ना, तसं. आठ दिवसांत तिथले केस गेले. गल्लीतले आप्पा म्हणाले, खरूज आहे, जळकं ऑईल लाव, दोन दिवसांत खडखडीत होतो बघ. हा इलाज आपल्याकडे गावोगाव चालतो. ट्रॅक्टरचं काढलेलं काळं ऑईल कोणाच्या ना कोणाच्या खळ्यात डब्यात भरून ठेवलेलंच असतं. मी लावलं. टायगरने तासाभरात निम्मं चाटलं. रात्री उलट्या, सकाळी हगवण, आणि ऑईल लागलं तिथली कातडी भाजल्यासारखी लाल. मायने मला जे सुनावलं त्यातलं इथे लिहिण्यासारखं एकच वाक्य: "मुकं जनावर शे ते, त्याले काय समजस!" रोख टायगरकडे नव्हता.

तेव्हा जळकं ऑईल नाही, रॉकेल नाही, फिनाईल नाही, डेटॉलचं पाणी नाही. गुरांच्या गोचिडांचं औषध अंदाजाने बादलीत ओतून आंघोळ घालू नका. आणि कपाशीवर मारायचं औषध तर चुकूनही नाही. मी हे करणारे लोक पाहिलेत म्हणून लिहितोय. ते कातडीतूनही शरीरात जातं आणि चाटूनही. लाळ गळते, अंग थरथरतं, झटके येतात आणि कुत्रा जातो. माणसांच्या खाजेच्या ट्यूबही नकोत. पुष्कळ ट्यूबमध्ये स्टेरॉईड असतं, काहींत झिंक ऑक्साईड असतं, आणि दोन्ही चाटून पोटात जाणं वाईट.

आता आज रात्रीचं बोलू. कारण काहीही असो, चाटणं थांबल्याशिवाय कातडी भरत नाही. ओली कातडी मऊ पडते, जीभ खरखरीत असते, सोललेल्या जागी जंतू शिरतात, जंतूंनी खाज वाढते, खाजेने तो आणखी चाटतो. आपले जुने लोक म्हणतात की कुत्र्याच्या जिभेत औषध असतं, जखम चाटू द्यावी. लाळेत जंतू मारणारं थोडंफार काही असतंही, पण तासन् तास चाटलेल्या जागेला त्याचा उपयोग शून्य.

सगळ्यात भरवशाचं म्हणजे गळ्यातली प्लास्टिकची कोन कॉलर. धुळे-जळगावला पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळते. नाही मिळाली तर मी केलं तसं करा. रंगाची रिकामी प्लास्टिकची बादली घेतली, बूड गोल कापलं, कापलेल्या कडेवर सायकलची जुनी ट्यूब चिरून बसवली म्हणजे गळा कापत नाही, कडेला चार भोकं पाडून ती पट्ट्याला बांधली. फिनाईलची बादली असली तरी तीन-चार दिवस धुऊन घेतली की चालेल, असं मला एकाने सांगितलं होतं. नको. वासाची बादली त्याच्या नाकाभोवती चोवीस तास राहणार आहे. मापं दोन लक्षात ठेवा. गळ्यापाशी तुमची दोन बोटं आत जायला हवीत, आणि पुढची कड नाकाच्या दोन-तीन बोटं पुढे यायला हवी. कड नाकाच्या मागे राहिली तर तो मान वळवून आरामात पंज्यापर्यंत पोचतो आणि वर तुमच्याकडे बघतो.

पहिला दिवस वाईट जातो. टायगर दाराच्या चौकटीला आपटायचा, मग जागीच पुतळ्यासारखा उभा राहायचा. दया येऊन कॉलर काढू नका. दुसऱ्या दिवशी त्याला अंदाज येतो. जेवताना-पाणी पिताना काढा, समोर बसून राहा, लगेच परत घाला. पोटासाठी जुनी बनियन चालते, पुढचे पाय बाह्यांतून घालून पाठीवर गाठ मारायची. पंज्यांना मोजा घालणार असाल तर तासाभरापुरताच, आणि वर रबर बँड कधीच लावू नका. पाय सुजतो आणि केसांत रबर दिसतही नाही. ओला मोजा तर न घातलेला बरा.

कॉलर घातली म्हणजे खाज गेली असं नाही. नुसती कॉलर घालून बसणं म्हणजे खाजवणाऱ्याचे हात बांधून ठेवणं. म्हणून आता तो नेमका कुठे चाटतो ते बघा, कारण डॉक्टरही आधी तेच विचारतात.

शेपटीचं बूड, कंबर, मागच्या मांड्या, तर आधी पिसवांचा संशय घ्यायचा. कंगव्याने तिथले केस विंचरून पडलेली काळी कणी पांढऱ्या ओल्या कागदावर ठेवा. माती असेल तर तपकिरी राहते. भोवती तांबूस डाग फुटला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. टायगरच्या बाबतीत कागदावर लाल नक्षी उमटली तेव्हा आप्पांच्या खरजेचा निकाल लागला. आणि पिसवा कुठून येत होत्या? माठाखालून! तिवईखालची ओली, गार माती ही त्याची दुपारची जागा. आपल्या मे महिन्यातलं 44-45 अंशांचं कोरडं ऊन पिसवांच्या अळ्यांना मानवत नाही, त्या सुकून मरतात. पण माठाखाली वर्षभर पावसाळाच. अंगावर दिसतात त्या पिसवा एकूण पसाऱ्याच्या जेमतेम 5 टक्के, बाकीचं सगळं अंडी, अळ्या, कोष होऊन जमिनीत, गोणपाटात, ओट्याच्या फटीत. मी माठाची जागा बदलली, खालची माती उकरून फेकली, गोणपाट जाळलं. गोचीड असतील तर भिंती बघा. त्यांची मादी अंगावरून उतरून भिंतीच्या भेगांत अंडी घालते, तीही हजारांनी, आणि धाब्याच्या घरात भेगांना काय तोटा!

कानांच्या कडा, कोपरं, टाचा यांवर खपली धरत असेल आणि घरातल्या मुलांच्या मनगटावर, पोटावर बारीक पुरळ उठलं असेल, तर ती खरी खरूज. ती माणसांनाही तात्पुरती लागते. डॉक्टर ब्लेडने कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. खरजेचे किडे कधीकधी खरवडीत सापडत नाहीत, म्हणून एकदा काही दिसलं नाही तरी डॉक्टर औषध सुरू करतात, त्याचं आश्चर्य वाटून घेऊ नका.

तुमचं वर्णन मात्र वेगळं आहे. पंजे, पोट, बहुधा काखा आणि कानही, वय दोन, पावसाळ्यात वाढ. हे वाचून मला पहिल्यांदा अ‍ॅलर्जी आठवते, ती जी धूळ, परागकण, बुरशी यांची असते आणि साधारण सहा महिने ते तीन वर्षांच्या वयात सुरू होते. शिवाय पावसाळ्यात बांधावर गाजर गवत माजलेलं असतं, त्यातून पोट घासत फिरणाऱ्या कुत्र्याची पातळ केसांची कातडी लाल होतेच. त्यात आपली काळी माती. ती पंज्याच्या बोटांमध्ये लिंपल्यासारखी बसते आणि आत ओल धरून ठेवते. आज एक करा: त्याचा पंजा उचला, बोटं फाकवा आणि वास घ्या. आंबूस, शिळ्या पिठासारखा वास आला आणि आत तेलकट तपकिरी थर दिसला, तर मूळ कारण काहीही असो, त्यावर यीस्ट बुरशी चढली आहे. पांढऱ्या पायांवर तांबूस रंग दिसला तर तो लाळेचा.

शेतातून आला की मगभर साध्या पाण्याने चारही पंजे धुवा आणि बोटांमधून फडक्याने कोरडे करा. कोरडं करणं राहिलं तर धुणं फुकट. रात्री खाज उसळली की गार पाण्यात पिळलेलं फडकं पाच मिनिटं पंज्यावर धरा, बराच शांत होतो. आंघोळीला आपला साबण नको, कुत्र्याच्या कातडीची आम्लता आपल्यापेक्षा वेगळी असते. क्लोरहेक्सिडिनचा, म्हणजे जंतुनाशक औषधाचा, कुत्र्यांचा शाम्पू डॉक्टरांना विचारून आणा, सुरुवातीला आठवड्यातून दोनदा. फेस अंगावर 10 मिनिटं राहू द्यायचा, घड्याळ लावून. शाम्पू लावला नि लगेच पाणी ओतलं तर औषध गटारात आणि खाज जागेवर.

खाण्यामुळेही खाज येते, पण लोक समजतात त्यापेक्षा कमी वेळा. "उष्ण पडलं" म्हणून अंडं बंद, भाकरी बंद करून आठवड्याने काही कळत नाही. परीक्षा करायचीच तर 8 आठवडे एकच ठरवलेलं अन्न, मधे एक ग्लुकोज बिस्कीटसुद्धा नाही. गल्लीतल्या पोरांना आवरता येत असेल तरच त्या भानगडीत पडा. शेवभाजीचा उरलेला रस्सा मात्र आजच बंद करा. त्यातला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला घातक असतो, खाज असो वा नसो.

डॉक्टरांकडे जाताना एक सांभाळा. "खाजेचं इंजेक्शन द्या" म्हणून आग्रह धरू नका. ते बहुतेक स्टेरॉईड असतं. आठ दिवस कुत्रा शांत, सारखं पाणी पितो, सारखा मुततो, आणि नवव्या दिवशी पहिल्यापासून सुरू. अंगात डेमोडेक्सचे, म्हणजे केसांच्या मुळांशी राहणारे डोळ्यांना न दिसणारे, किडे असतील तर त्याने ते उलट फोफावतात. मी तेही करून बसलोय, एका दवाखान्यात, कातडी न तपासताच. गुरांचं आयव्हरमेक्टिनही कोणाच्या सांगण्यावरून टोचू नका. कोली या मेंढरं राखणाऱ्या विलायती जातीच्या आणि त्यांच्या संकरित कुत्र्यांना ते मेंदूवर चढतं. पिसवा-गोचिडांसाठी आता फ्लुरालानर, अफोक्सोलानर अशा खायच्या गोळ्या मिळतात, एक साधारण 12 आठवडे चालते, दुसरी महिनाभर. पोटातूनच काम करतात, त्यामुळे चाटण्याचा प्रश्नच नाही. कुत्र्याला कधी झटके आले असतील तर ते आधी सांगा. अ‍ॅलर्जीच ठरली तर तिच्यासाठी वेगळ्या गोळ्या आहेत, पण ते दुखणं मुळातून जात नाही, दर पावसाळ्यात सांभाळावं लागतं.

कुठे ओलसर, चिघळलेला डाग पडून काही तासांत पसरत असेल, पू असेल, कुत्रा जेवत नसेल किंवा हिरड्या पांढऱ्या दिसत असतील, तर उद्यावर ढकलू नका. तालुक्याच्या दवाखान्यात बहुतेक वेळ गुरांचाच जातो. तिथे सोय नसेल तर धुळ्याला किंवा जळगावला जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात न्या. जाण्याआधी दोन दिवस त्याला आंघोळ घालू नका, नाहीतर तपासायला काही उरत नाही. कॉलर गळ्यात ठेवूनच न्या. आणि आतापर्यंत काय काय लावलं ते सगळं सांगा. मी ऑईलचं लपवलं होतं. डॉक्टरांनी मान खाली घालून टायगरच्या पाठीचा वास घेतला आणि मला म्हणाले, "ट्रॅक्टर कोणता आहे तुमचा?"