टोलमाफीच्या भरवशावर इलेक्ट्रिक कार?

प्रश्न असा आला आहे: चिंचवडला राहतो. दोघांचा मिळून हातात येणारा पगार 1 लाख 15 हजार, घराचा हप्ता 38 हजार, मुलगी नववीत. 2016 ची पेट्रोल कार आहे, 82 हजार किलोमीटर झाली, कुरकुर काही नाही. महिन्याला साधारण 900 किलोमीटर होतात. त्यातले निम्मे मुलुंडला आईकडच्या दोन फेऱ्यांचे. मिस्टरांना आत्ताच इलेक्ट्रिक कार घ्यायची आहे. ऑन-रोड साडेपंधरा लाख. चार लाख मुलीच्या शिक्षणाच्या म्युच्युअल फंडातून काढायचे आणि साडेअकरा लाखांचे कर्ज सात वर्षांसाठी घ्यायचे. त्यांचे म्हणणे, रोड टॅक्स माफ आहे, टोल माफ आहे, पेट्रोल गाड्या आज ना उद्या बंद होणार, मग थांबायचे कशाला?

ताई, मिस्टरांची तिन्ही कारणे सरकारी धोरणातून आलेली आहेत. त्यामुळे आधी धोरणाकडे बघू, गाडीकडे नंतर.

धोरणातून मिळणारे फायदे मी दोन डब्यांत टाकतो. शोरूममधून चावी घेतानाच खिशात पडतात ते एका डब्यात, पुढे मिळतील असे सांगितलेले दुसऱ्यात. रोड टॅक्सची माफी पहिल्या डब्यातली. महाराष्ट्रात 10 ते 20 लाखांच्या पेट्रोल कारला 12 टक्के कर बसतो. तुमच्या गाडीची एक्स-शोरूम किंमत साडेचौदा लाख धरली तर हे 1 लाख 74 हजार वाचतात. जीएसटीही 5 टक्केच. हे पैसे एकदा वाचले की कुणी परत मागायला येत नाही.

टोलमाफी दुसऱ्या डब्यातली. राज्याच्या 2025 च्या ईव्ही धोरणात अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग अशी तीन नावे आहेत. अटल सेतूवर माफी 22 ऑगस्ट 2025 पासून सुरू झाली, पण फास्टॅगमधून पैसे कापले जात असल्याच्या तक्रारी पार विधिमंडळापर्यंत गेल्या. तुमचा रस्ता द्रुतगती मार्गाचा. एकेरी 320 रुपये, महिन्याला चार वेळा, म्हणजे वर्षाचे 15 हजार 360. रक्कम लहान नाही. पण धोरणाची मुदत 31 मार्च 2030 पर्यंत आणि तुमचे कर्ज सात वर्षांचे. शेवटच्या हप्त्यांच्या वेळी टोलमाफी असेलच असे धरून चालू नका. मी हिशेबात ती शून्य धरली आहे. मिळाली तर त्या पैशांत आईला घेऊन लोणावळ्याला जेवून या.

शून्य का, तेही सांगतो. पेट्रोलच्या प्रत्येक लिटरवर राज्य 25 टक्के व्हॅट आणि वर 5 रुपये 12 पैसे घेते. केंद्राचे उत्पादन शुल्क वेगळेच. रस्त्यावर विजेच्या गाड्या वाढतील तसतसे हे उत्पन्न आटणार, आणि रस्ते तर बांधावेच लागणार. मग माफी हळूहळू मागे घेतली जाते. कर्नाटकने 2024 मध्ये 25 लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना 10 टक्के आजीव कर लावला. नॉर्वेने एवढी वर्षे सूट दिली, पण 2023 पासून पाच लाख क्रोनरच्या वरच्या किमतीवर व्हॅट सुरू केलाच. आपल्याकडेही मार्च 2025 च्या अर्थसंकल्पात 30 लाखांवरच्या ईव्हीवर 6 टक्के कर सुचवला होता. महिना संपायच्या आत तो मागे घेतला गेला, ती गोष्ट वेगळी.

यावर मिस्टर म्हणतील, तेच तर सांगतोय, माफी जायच्या आत घेऊ! डिसेंबर 2021 मध्ये माझ्याकडचे एक गृहस्थ असेच एफडी मोडून आले होते. राज्याच्या तेव्हाच्या धोरणात लवकर खरेदी करणाऱ्यांना जादा अनुदान होते आणि मुदत 31 डिसेंबरला संपत होती. त्यांनी मुदत गाठली, एफडीचे व्याज सोडले, दंडही भरला. पुढे ती मुदत 31 मार्च 2022 पर्यंत वाढली. तुमच्या बाबतीत, समजा उद्या 6 टक्के कर लागलाच, तर 87 हजार जातील. साडेअकरा लाखांवर 9 टक्क्यांनी सात वर्षांत द्याल ते व्याज चार लाखांच्या घरात आहे.

राहिली पेट्रोलबंदीची भीती. मुंबई उच्च न्यायालयाने विषय काढल्यावर राज्याने जानेवारी 2025 मध्ये सात जणांची समिती नेमली, पण ती मुंबई महानगर प्रदेशातल्या पेट्रोल-डिझेल गाड्यांबाबत अभ्यास करण्यासाठी होती. चिंचवड त्यात येत नाही. दिल्लीत जुन्या गाड्यांना इंधन नाकारायचा आदेश 1 जुलै 2025 ला लागू झाला आणि आठवडाभरात पुढे ढकलावा लागला. तुमच्या गाडीची नोंदणी 2031 पर्यंत आहे. तिला कुणी हात लावत नाही.

आता आकडे. 900 किलोमीटर म्हणजे वर्षाला 10,800. लिटरला 15 किलोमीटर आणि पेट्रोल 104 रुपये धरले तर 75 हजार खर्च. इलेक्ट्रिक कार युनिटला साडेसहा किलोमीटर चालली आणि घरची वीज 12 रुपये पडली तर 20 हजार. सर्व्हिसिंगमधले पाचेक हजार मिळवून वर्षाची बचत 60 हजार, म्हणजे महिन्याला पाच हजार. आणि हप्ता? साडेअठरा हजार. पाच हजार वाचवण्यासाठी साडेअठरा हजार मोजायचे, तेही चालती गाडी दारात उभी असताना. वरून मुलीचे चार लाख गेले. तिची बारावी तीन-साडेतीन वर्षांवर आहे, त्या पैशांना हात लावू नका. (ते अजून पूर्ण इक्विटीत, म्हणजे शेअर बाजारात, असतील तर तो स्वतंत्र विषय आहे, पण उशीर करू नका.)

म्हणून आत्ता घेऊ नका.

मात्र मिस्टर चुकीचे नाहीत, त्यांची वेळ चुकली आहे. जुनी गाडी काढायची वेळ येईल तेव्हा तुलना नव्या पेट्रोल गाडीशी होईल. अशी गाडी बारा लाखांना पडली तर फरक साडेतीन लाखांचा, तो 60 हजारांच्या बचतीने सहा वर्षांत निघतो. महिन्याला 1,500 किलोमीटर झाले तर चार वर्षेही लागत नाहीत. आईकडच्या फेऱ्या वाढल्या, तर मीच तुम्हाला इलेक्ट्रिक घ्या म्हणेन. हा फरक तोपर्यंत आहे तेवढाच राहील असेही नाही. 22 सप्टेंबर 2025 ला छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि एका रात्रीत सगळे गणित हलले. ऑगस्टमध्ये घाईने गाडी घेतलेल्यांना विचारा.

हा सगळा हिशेब घरी चार्जिंग होईल असे धरून आहे. बाहेरच्या फास्ट चार्जरवर युनिटला 22 रुपये मोजावे लागले, तर इंधनातली 55 हजारांची बचत 38 हजारांवर येते. तुमचे पार्किंग स्टॅकचे, म्हणजे एकावर एक गाड्या चढवण्याचे, असेल तर आधी तिथेच अडेल. सोसायटीची लेखी एनओसी, वेगळे मीटर, केबल कुठून ओढायची आणि खर्च कोणाचा, हे गाडी बुक करण्याआधी ठरायला हवे. मौखिक ‘बघू, करू’ धरू नका, कमिटी बदलते.

तोवर महिन्याला 12 हजार वेगळे ठेवा. आरडी चालेल, इक्विटी नको. तीस महिन्यांत 3 लाख 60 हजार मुद्दल आणि वर व्याज जमेल, जुन्या गाडीचेही काही येतील. मग आठ लाखांचे पाच वर्षांचे कर्ज पुरेल आणि हप्ता साडेसोळा हजारांच्या आसपास बसेल. शिवाय 12 हजार दर महिन्याला खरोखर बाजूला पडतात की नाही, हे तुम्हाला पहिल्या चार महिन्यांतच कळेल. नाही पडले, तर साडेअठराचा हप्ता कुठून भरणार होता, ते मिस्टरांना विचारा. येत्या रविवारी सोसायटीच्या सेक्रेटरींना मीटरबद्दल विचारून ठेवा आणि गेल्या वर्षभराचे फास्टॅग स्टेटमेंट मला पाठवा. 900 हा आकडा अंदाजाने सांगितलेला दिसतो.