कानाचा पडदा स्वच्छ, रिपोर्ट नॉर्मल, तरी दुखतंय? (उत्तर लांबलंय, सांभाळून घ्या)

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. एकाच बाजूचा कान आणि घसा, कित्येक महिने, गिळताना कानापर्यंत जाणारी कळ, पडदा स्वच्छ, ऐकण्याची टेस्ट चांगली, ड्रॉप्स झाले, अँटिबायोटिकचे कोर्स झाले, सीटीचा रिपोर्ट नॉर्मल, आणि आता घरचे म्हणतायत की टेन्शनने होतंय. अगदी 'टेन्शन'पर्यंत सेम टू सेम मी यातून गेलेय. आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, पेशंट आहे, त्यामुळे हे वाचून स्वतःच्या मनाने काही सुरू किंवा बंद करू नका. गुळण्या, वाफ, कानात काड्या घालू नका वगैरे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडून देते.

पडदा स्वच्छ दिसतो आणि तरी कान दुखतो म्हणजे दुखणं बहुतेक दुसरीकडून कानात येतंय. कानाला ज्या नसा येतात त्यांच्याच फांद्या जबड्याला, दाढांना, टॉन्सिलला, जिभेच्या मुळाला, स्वरयंत्राला जातात, शिवाय मानेच्या वरच्या मणक्यांतून येणाऱ्या वेगळ्याच. एकाच बेलला चार घरांची बटणं जोडल्यासारखं आहे, वाजते कानात, दाबतंय कोण ते कळत नाही. कान साफ करताना काहींना ठसका लागतो तो यामुळेच, आणि टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर लोक 'कान दुखतोय' म्हणतात तेही यामुळेच. त्यामुळे कान नॉर्मल असताना ड्रॉप्सच्या बाटल्या बदलत बसण्यात काही अर्थ नाही असं माझं स्पष्ट मत आहे. डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा, कान ठीक आहे तर हे येतंय कुठून? जे नुसतं 'ठीक आहे' म्हणून दुसरी गोळी लिहितात त्यांच्याकडे मी तरी परत जाणार नाही.

आता मूळ मुद्दा, तुमचा 'नॉर्मल' सीटी. माझं सगळ्यात जास्त नुकसान इथेच झालं. मानेचा सीटी सांगितला होता, चिठ्ठीवर एवढंच की 'गाठ आहे का'. रिपोर्ट आला, गाठ नाही, बाकी काही विशेष नाही. सगळ्यांनी तो रिपोर्ट वाचला आणि विषय संपवला. फोटो कोणी उघडून बघितलेच नाहीत. मी तो 'नॉर्मल' कागद घेऊन फिरत राहिले आणि प्रत्येक नवीन डॉक्टर तो वाचून आधीच्यासारखंच बोलायचा.

शेवटी एक ईएनटी भेटले, त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला, ग्लोव्ह घातला, तोंड उघडायला लावलं आणि टॉन्सिलच्या खाचेत बोट दाबलं. आई गं! तीच कळ, तशीच, कानाच्या आत जाऊन बसली, डोळ्यात पाणी आलं. दुसऱ्या बाजूला दाबलं तर नुसती उलटी आल्यासारखं झालं, बाकी काही नाही. त्यांना बोटाला आत कडक टोकासारखं काहीतरी लागलं होतं. म्हणाले, स्कॅनची सीडी आणा, मला स्वतःला बघायचंय.

आणि इथून त्या स्कॅन सेंटरचा छळ सुरू. मला त्यांनी दिलं होतं काय, तर एक मोठी फिल्म, त्यावर निवडक छोटे छोटे फोटो, आणि रिपोर्ट. सीडी मागितली तर काउंटरवरची बाई म्हणते 'रिपोर्ट नॉर्मल आहे ना मॅडम, मग सीडी कशाला?' मग म्हणे डॉक्टरांची चिठ्ठी आणा. चिठ्ठी आणली तर म्हणे अर्ज द्या, अर्ज दिला तर ज्यांची सही लागते ते सुट्टीवर, आणि असं करत करत शेवटी सांगितलं की जुना डेटा सिस्टीममधून गेला. अहो, माझ्याच मानेचे फोटो! परत स्कॅन करावा लागला, परत रेडिएशन. हा दुसरा वेगळ्या ठिकाणी केला, तिथे कळलं की फक्त हाड बघायचं असेल तर ते कॉन्ट्रास्टचं (फोटोत आतले भाग उठून दिसावेत म्हणून देतात ते) इंजेक्शनही लागत नाही.

निघालं काय, तर कानाच्या खाली कवटीला एक सुईसारखं हाड असतं, स्टायलॉइड म्हणतात, ते लांब होतं. साधारण अडीच ते तीन सेंटिमीटर असतं, माझं चारच्या वर, आणि टोक आत टॉन्सिलकडे वळलेलं. घशाची नस त्याच्या अगदी जवळून जाते. याला ईगल सिंड्रोम म्हणतात, ईगल नावाच्या डॉक्टरांनी 1937 मध्ये लिहून ठेवलेलं आहे, म्हणजे काल-परवाचा शोध नाही. पहिल्या स्कॅनमध्येही हे हाड असणारच, ते काय नंतर उगवलं नाही. रेडिओलॉजिस्टला (स्कॅन वाचून रिपोर्ट लिहिणारे डॉक्टर) पूर्ण दोष देत नाही, चिठ्ठीवर गाठ विचारली, त्यांनी गाठ बघितली. पण म्हणूनच सांगते, चिठ्ठीवर नीट लिहून घ्या: कोणती बाजू, गिळताना कानात कळ, कान नॉर्मल, आणि स्टायलॉइडची लांबी नि दिशा, जबड्याचा सांधा, अक्कलदाढा, जिभेचं मूळ हे सगळं बघून लिहावं. स्कॅन आधीच झालाय ना तुमचा? मग नवीन करायच्या आधी तोच परत वाचून मागा. तेवढी जागा स्कॅनमध्ये आली असेल तर पुरवणी रिपोर्ट मिळू शकतो.

आता लगेच 'मलाही ईगलच' असं ठरवू नका प्लीज. हे हाड शंभरात साधारण चार जणांचं लांब असतं असं म्हणतात आणि त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. माझं डावीकडचंही जवळजवळ तेवढंच आहे, तिकडे कधी काही दुखलं नाही. म्हणून नुसत्या लांबीवर ऑपरेशनला हो म्हणू नका. माझ्या डॉक्टरांनी आधी त्या खाचेत बधिर करायचं इंजेक्शन देऊन बघितलं, कळ तेवढ्यापुरती गेली, तेव्हा कुठे पुढचं बोलले.

खरं तर जबड्याचा सांधा हे कारण याच्यापेक्षा कितीतरी जास्त सापडतं. सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला असतो का, चावताना कट्कट् होतं का, रात्री दात खाता का (घरच्यांना विचारा, आपल्याला कळत नाही), असं असेल तर आधी दातांच्या डॉक्टरांकडे जा. दातांचा जो पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढतात त्यात अक्कलदाढा तर दिसतातच, बरेचदा स्टायलॉइडही दिसतं, म्हणजे एका साध्या एक्स-रेत दोन कामं. विजेचा झटका बसल्यासारखी काही सेकंदांची कळ येऊन थांबत असेल तर ते नसेचं वेगळं दुखणं असू शकतं, त्याची औषधंही वेगळी, न्यूरॉलॉजिस्टला विचारा. आणि ॲसिडिटी! घसा म्हटला की हल्ली ॲसिडिटीची गोळी. काहींना खरंच तेच असतं, नाही म्हणत नाही, पण एकाच बाजूला नेमक्या जागी दुखत असताना महिनोनमहिने तीच गोळी खात राहणं मला पटत नाही.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. घशात दुर्बीण घालून जिभेचं मूळ आणि स्वरयंत्र बघितलंय का? पोस्टमध्ये त्याचा उल्लेख नाही. नसेल तर बाकी सगळं नंतर, ते आधी करा, विशेषतः तंबाखू, सिगारेट, दारू यातलं काही असेल किंवा वय जास्त असेल तर. मानेत गाठ, तीन आठवड्यांहून जास्त बसलेला आवाज, गिळायला अडकणं, थुंकीत रक्त, वजन उतरणं, यातलं एकही असेल तर इथे उत्तरांची वाट बघत बसू नका. कॅन्सरचं दुखणंही असंच कानात येऊ शकतं. घाबरवत नाहीये, पण कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं. पन्नाशीच्या पुढे असाल आणि कानशील दुखतंय, चावताना जबडा भरून येतोय असं असेल तर तेही त्याच दिवशी दाखवा, त्यात डोळ्यांना धोका असतो.

माझं पुढे काय झालं विचाराल तर आधी गोळ्या, मग ऑपरेशन, मानेच्या बाजूने केलं. तोंडातूनही करतात, कोणाला कुठलं ते सर्जन ठरवतात. कळ गेली. कानाची पाळी अजून थोडी बधिर आहे, कानातलं घालताना भोक सापडत नाही, आरसा लागतो. त्याची मला आधी कल्पना दिली होती म्हणून तक्रार नाही.

आणि हो, सीडी मिळाली की काउंटरवरून हलू नका, तिथल्याच कॉम्प्युटरवर उघडून दाखवायला सांगा, आणि बारीक स्लाइसचे, म्हणजे अगदी पातळ कापांचे, सगळे फोटो आहेत ना तेही विचारा, एक मिलिमीटर किंवा त्याहून कमी. मला एका ठिकाणी चक्क रिकामी सीडी पाकिटात घालून दिली होती, वर नाव मात्र व्यवस्थित टाइप केलेलं.