वांग : आधी ती ट्यूब दाखवा

गालांवरच्या काळसर डागांबद्दलची पत्रं उन्हाळ्यात वाढतात आणि गैरसमज दरवर्षी तेच असतात. म्हणून काही प्रश्न एकत्र घेतले आहेत.

लिव्हर बिघडलं की वांग येतात म्हणे. रक्तशुद्धीचं औषध घेऊ का? (कागल)

नको. वांगाची मुख्य कारणं म्हणजे ऊन, हार्मोन्समधले बदल आणि अनुवंश.

लिंबू आणि खायचा सोडा? (शिरोळ)

अजिबात नको. लिंबाचा रस लागलेली त्वचा उन्हात भाजते आणि नवे डाग पडतात.

वहिनींना गुण आला म्हणून मेडिकलमधून एक ट्यूब आणली, दोन वर्षं लावतेय. आधी चेहरा उजळला. आता एक दिवस चुकला तरी आग होते, लाली येते. हनुवटीवर केसही आलेत. (इचलकरंजी)

ताई, ट्यूबचं नाव इथे छापत नाही, पण त्यात तीन औषधं आहेत: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड. वांगावर हे मिश्रण चालतं, आम्हीही लिहून देतो. पण तपासून, ठरावीक आठवड्यांपुरतं, फक्त रात्री, आणि मग हळूहळू कमी करत. दोन वर्षं नव्हे! आपल्याकडच्या अशा कित्येक ट्यूबमध्ये मोमेटासोन असतं, म्हणजे चेहऱ्यासाठी फारच जोरकस स्टेरॉइड. सुरुवातीचा उजळपणा बराचसा त्याचाच असतो, आणि सगळे तिथेच फसतात. पुढे त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुरळ येतं, लव वाढते. हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षं लावलं तर निळसर-काळे डाग पडू शकतात आणि ते काढणं मूळ वांगापेक्षा कितीतरी अवघड असतं.

2018 मध्ये केंद्र सरकारने अशी स्टेरॉइडची मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी ती काउंटरवर नुसतं नाव सांगून मिळतात आणि नणंद-भावजयांत वाटली जातात, याचा मला मनापासून राग येतो. वहिनींची त्वचा वेगळी, तुमची वेगळी. त्यांचे डाग वांगाचेच होते की नाही, हेसुद्धा कुणी पाहिलेलं नाही. ट्यूब आता मनानेच बंद करू नका, चेहरा आणखी भडकेल. याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, खासगी परवडत नसेल तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात दाखवा. जाताना ट्यूब सोबत न्या.

आमचं गुऱ्हाळ आहे. मी शेतात जात नाही, चुलवाणापाशी असते. तरी डाग का वाढतात? (करवीर तालुका)

धगीनेही वांग वाढतात. हंगामात चुलवाणापाशी आलटून-पालटून बसता आलं तर बघा. शिवाय डोळ्यांना दिसणारा साधा उजेडही डाग गडद करतो. त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं, किमान एसपीएफ 30 चं सनस्क्रीन घ्या. चेहऱ्याला आणि मानेला मिळून दोन बोटं भरून लागतं, घाम येत असेल तर दोन-तीन तासांनी पुन्हा. वाटाण्याएवढं लावून ‘उपयोग नाही’ म्हणणारे रोज भेटतात. हे सांभाळलं नाही तर महागडं मलमही वाया जातं. डाग किती खोल आहेत ते मात्र तपासूनच कळेल.

पाचवा महिना आहे, गालांवर डाग आलेत. (गारगोटी)

सनस्क्रीन आणि ओढणी, सध्या एवढंच. ट्रेटिनॉइन, हायड्रोक्विनोन नको. बाळंतपणानंतर पुष्कळदा डाग आपोआप फिके होतात. पुढे गर्भनिरोधक गोळ्या घ्यायचा विचार असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना वांगाबद्दल आधी सांगा.

मैत्रीण डागांसाठी ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्या घेते. मीही सुरू करू? (राजारामपुरी)

विचारल्याशिवाय नाही. रक्ताची गुठळी होण्याचा धोका असणाऱ्यांना त्या घातक ठरू शकतात.

माझी मान आणि काख काळी पडलीय, जाड झालीय. मी पुरुष आहे. (हुपरी)

हे वांग नव्हेत. घासू नका. रक्तातली साखर तपासा, वजन बघा आणि डॉक्टरांना भेटा.

एका पार्लरने सहा लेझर सिटिंगचं पॅकेज गॅरंटीसह दिलंय. (शाहूपुरी)

पैसे भरू नका. वांग आटोक्यात राहतात, पण ऊन लागलं की परत येतात, त्यामुळे गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही. आपल्या सावळ्या त्वचेवर लेझर चुकलं तर डाग आणखी काळे होतात. लेझर हा बाकीचे उपचार करून पाहिल्यानंतरचा पर्याय आहे आणि तो त्वचारोगतज्ज्ञांच्याच हातचा.