तंत्रज्ञान कंपन्यांना मक्तेदारीविरोधी कायद्याची गरज आहे का?

आहे. कायदाही आहे, 2002 चा स्पर्धा अधिनियम. पण माझ्या धाकट्या दिरांना तो अजून पटलेला नाही, म्हणून एवढं लिहायला बसले.

नौपाड्यात माझं पोळीभाजी केंद्र आहे. संकष्टीला उकडीचे मोदक असतात. एका डिलिव्हरी ॲपवर (नाव घेत नाही) आम्ही तीन वर्षं होतो. कमिशन आधी 12 टक्के, मग 18, मग 24. म्हणून काउंटरवर 30 चा मोदक ॲपवर 38 ला लावला. तरी हातात पुरते 29 येईनात. आठवड्यात ॲप कंपनीतल्या मुलाचा फोन. "ताई, दुकानात स्वस्त विकू नका, दर एकच ठेवा." माझ्या दुकानातला दर हा ठरवणार! मी साफ नाही म्हटलं.

पुढच्या संकष्टीला पहाटे चारला उठून 200 मोदक केले. चंद्रोदयापर्यंत ॲपवरून 9 ऑर्डरी. मुलीने तिच्या फोनवर शोधलं, तर आमचं नाव पार तळाशी. उरलेले मोदक सोसायटीत वाटले.

भाऊजी ऐरोलीला आयटीत आहेत. म्हणाले, "वहिनी, पटत नसेल तर बाहेर पडा, मार्केट ओपन आहे." पडले की बाहेर. पण तीन वर्षं माझे मोदक खाणाऱ्या एकाही गिऱ्हाइकाचा नंबर माझ्याकडे नाही, सगळे ॲपकडे. याला ओपन म्हणतात?

कंपनी मोठी असणं हा आपल्याकडे गुन्हा नाहीच. मोठेपणाचा गैरवापर करायला बंदी आहे, कलम 4. ऑक्टोबर 2022 मध्ये स्पर्धा आयोगाने गूगलला 1,337.76 कोटींचा दंड केला तो त्याच कलमाखाली. प्ले स्टोअर हवं तर आमची बाकीची ॲपही फोनमध्ये आधीच घाला, अशी फोन बनवणाऱ्यांवर सक्ती होती. पण चौकशीचा आदेश निघाला होता 2019 मध्ये. एवढी वर्षं माझ्यासारखीने काय मोदक वाफवत बसायचं? म्हणून बड्या डिजिटल कंपन्यांना आधीच नियम घालायचा जो मसुदा मार्च 2024 मध्ये आला, तो मला पटतो.

हां, लॉकडाउनमध्ये याच ॲपने दुकान तगवलं, हेही खरं. आणि नियम सरसकट लावले तर नवी छोटी ॲपच आधी मरतील.

भाऊजी, वाचत असाल तर येत्या संकष्टीला थेट फोन करा. तुमच्याकडे नंबर आहे.